पुसलेल्या फायली

कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून मी हुशारी करून जुन्या फायली उडवल्या. त्यातच माझ्या दिवंगत आईच्या आवाजाचं रेकॉर्डिंगही गेलं.

भोरचा आमचा दुरुस्तीवाला यंत्र उघडण्याआधी चपला काढतो आणि कायम कुजबुजतो. त्याने फायली साठवणारी एसएसडी काढून कानाला लावली. तिच्यात जुन्या हार्ड डिस्कसारखं फिरणारं काहीच नसतं, आवाज येणार कसला?

"हिची आपोआप साफसफाई बंद हाय साहेब, म्हून पुसल्यालं अजून आत हाय," तो म्हणाला. "आई भाटघरच्या व्हय? लई हळू बोलत्यात."

मी त्याला फक्त फायली गेल्या एवढंच सांगितलं होतं, आईचा विषयही काढला नव्हता.

तासाभरात आईचा आवाज परत मिळाला.

"आता साफसफाई चालू करू? मग पुसल्यालं कायमचं जाईल."

मी बायकोला फोन लावून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नको. आधी त्याला विचारा, आईंशिवाय आत अजून कोण बोलतंय."