कट्ट्यावर उगीच बसणारी बाई

दुर्गदबैलच्या बाजारातल्या आमच्या कापडाच्या दुकानापुढे एक दगडी कट्टा होता आणि त्या कट्ट्यावर माझी आत्या बसायची. सगळा बाजार तिला अक्का म्हणायचा, म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो. वडील, म्हणजे अप्पा, आत गादीवर बसून साड्या विकायचे. अक्का बाहेर गुळेदगुड्डचे खण विकायची. आतून साडी घेऊन निघालेली बाई तिच्यासमोरून खण न घेता गेली असं सहसा व्हायचं नाही. अक्का साडीकडे एकदा बघायची, बाईकडे एकदा बघायची आणि ढिगातून एकच खण ओढून काढायची. दुसरा मागितला तर म्हणायची, "बघा की. पण घेणार हाच तुम्ही." बायका चिडायच्या आणि तोच घ्यायच्या.

अक्काच्या नवऱ्याने मिरजेत दुसरं घर केलं होतं. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या हळू आवाजात बोलली जायची की गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत होती. ती ट्रंक घेऊन माहेरी परत आली तेव्हा अप्पांनी तिला फारसं काही विचारलं नाही. "कट्टा मोकळाच हाय, बस तिथं," एवढंच म्हणाले. भावाने बहिणीला द्यायचं ते असंच, तोंडी. बहिणीशी कसले कागद करायचे, ही आमच्याकडची रीत. दिवाळीला साडी, आणि नशीब फुटलं तर कट्टा. अक्काने त्या कट्ट्यावर आपलं बस्तान बसवलं. विणकरांकडून माल स्वतः आणायची, उधारी स्वतः फेडायची, आणि अप्पा हातावर ठेवायचे ते पैसे तिने दुसऱ्याच वर्षी नको म्हणून सांगितले. तेव्हापासून ती घरात जेवायला ऐटीत बसायला लागली. आमटीत मीठ कमी असेल तर आईला तसं तोंडावर सांगायची.

सत्तरचं दशक सरत आलं आणि सरकारला आमच्या रस्त्याची दया आली. रस्ता रुंद करायचा ठरला. सार्वजनिक हितासाठी जागा घेण्यात येत आहे, असं नोटिशीत लिहिलं होतं. ते हित नेमकं कुठून कुठे जाणार हे मात्र कुणाला कळेना, कारण आमच्या रस्त्याच्या टोकाला एक बोळ होता आणि तो रुंद करायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं. म्हणजे ऑटोंनी आमच्यासमोरून ऐसपैस यायचं आणि पुढे जाऊन अडकायचं, असा एकूण बेत.

मग टेप आणि रंगाचा डबा घेऊन माणसं आली. दोन्ही बाजूंच्या दुकानांवर तांबडी रेघ मारत निघाली. आमच्याकडे ती रेघ कट्ट्याच्या मागे, दुकानाच्या उंबऱ्याला लागून आली. अक्काने रंग लागू नये म्हणून खण उचलून घेतले आणि रंगाऱ्याला म्हणाली, "ओढायचीच हाय तर सरळ ओढ बाबा." त्याने बिचाऱ्याने पुन्हा ओढली. रेघेपुढचं सगळं सरकारचं होणार होतं. त्यात अप्पांचं दुकान जरा आखूड झालं असतं. अक्काचं अख्खं गेलं असतं. भरपाई मिळणार ती मालकाला, आणि मालक अप्पा. अक्का कुठल्याच कागदावर नव्हती.

बाजारातल्या सगळ्यांनी देवळात नारळ फोडून शपथ घेतली की कुणीही सही करायची नाही. खोबरं संपेपर्यंत शपथ टिकली. पहिली सही केली ती समोरच्या लोखंडवाल्याने. पुढचा भाग मुकाट सोडला तर वरचा मजला चढवायला परवानगी मिळते, असं त्याला कुठूनसं कळलं होतं. मग एकेक जण त्याला शिव्या देत गेला आणि सही करून आला. विचारलं तर कुणाचा जावई अडून बसला होता, कुणाच्या मुलाने परस्पर केलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवावं तर आमच्या बाजाराने. शेवटी अप्पा एकटे उरले.

"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात," आई म्हणाली.

"मग शहाण्यांनी चढू नये," अप्पा म्हणाले. "माझं असतं तर देऊन टाकलं असतं. ते अक्काचं हाय."

मला त्या वेळी अप्पांचा फार अभिमान वाटला, आणि तो खरा होता. अक्काला काय हवंय हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही. तिच्यासाठीच तर सगळं चाललं होतं. तिला कशाला विचारायचं?

वकील देशपांडे नगरात राहायचे, एका डॉक्टरांच्या शेजारी. एकाकडून बाहेर पडलेल्या माणसाला दुसऱ्याकडे जायची ती चांगली सोय होती. वकिलांनी कायद्यातून एक कलम शोधून काढलं. इमारतीचा नुसता तुकडा सरकारला घेता येत नाही. मालक म्हणाला, घ्यायची तर सगळी घ्या, तर सगळीच घ्यावी लागते. आणि दुर्गदबैलातलं अख्खं दुकान विकत घ्यायला सरकारकडे पैसे कुठून येणार? मुकाट्याने कट्टा सोडून जाईल. अट एकच होती. कट्टा हा दुकानाचाच अवयव आहे, वेगळा काढता येत नाही, हे कोर्टाला पटवायचं. अप्पा इतके खूश झाले की पुढचे काही दिवस घरी जो येईल त्याला चहाच्या आधी ते कलम मिळायचं.

कोर्टाने स्टे दिला आणि आमच्या हालअपेष्टा सुरू झाल्या. म्हणजे आमच्या नव्हे, बाजाराच्या. सगळी दुकानं रेघेपर्यंत कापली गेली, आणि रुंद झालेल्या रस्त्यात आमचा कट्टा एकटाच पुढे आलेला राहिला. हातगाड्या त्याला घासून जायच्या. सिमेंटच्या पोत्यांची गाडी आली की समोरून येणाऱ्याने थांबायचं, आणि थांबलेल्याने आमच्या सात पिढ्यांची विचारपूस करायची. ऑटोवाले बायकांना कन्नडातून सांगायचे, "स्टे कट्टी बंतु, इळीरी." स्टेचा कट्टा आला, उतरा. अक्काचा धंदा मात्र जोरात चालला. वाहतूक तुंबली की बायका ऑटोत बसल्या बसल्याच खण बघायच्या, आणि तुंबायची ती आमच्यामुळेच.

खटला चालायला उभा राहिला तोवर मी कॉलेजात होते. अक्का म्हणाली, "माझ्या बुडाखालची जागा हाय, मी बघायला नको?" म्हणून तिला घेऊन मी कोर्टात गेले. आमच्या वकिलांनी तिला साक्षीला बोलावलं नव्हतं. "बाई खरं बोलतील," असं ते अप्पांना म्हणाले होते. मला तो विनोद वाटला होता.

सरकारी वकील सर्दीने बेजार झालेले गृहस्थ होते. रुमालात नाक शिंकरून ते उठले आणि म्हणाले की हा कट्टा दुकानाचा भागच नाही. तिथे एक बाई स्वतंत्र व्यापार करते. माल तिचा, गिऱ्हाईक तिचं, नफा तिचा. भावाच्या दुकानाशी तिचा काडीचा संबंध नाही; इतकी वर्षं ती स्वतःच्या हिमतीवर त्या जागेत आहे. तेव्हा तो कट्टा वेगळा आहे, वेगळा घेता येतो.

मी अक्काकडे बघितलं. ती पदर सारखा करून ताठ बसली होती. आमच्या नातेवाइकांत, गल्लीत, देवळात, तिच्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं. आणि बोलत होता तो तिचा कट्टा फोडायला आलेला माणूस. कोर्टाने त्या दिवशी तिथेच आवरतं घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

मग अप्पा पिंजऱ्यात उभे राहिले. देवाची शपथ झाली. सरकारी वकिलांनी कन्नडातून विचारलं, "कट्ट्यावर बसणारी ती बाई कोण?"

"नम्म तंगी री," अप्पा म्हणाले. आमची धाकटी बहीण.

"काय करते ती तिथे?"

"एनिल्ल री. सुम्न कूडताळ." काही नाही. उगीच बसते.

"खण कुणाचे?"

"दुकानाचे."

"नफा?"

"दुकानाचाच."

"तिचा त्या जागेवर काही हक्क?"

"काही नाही."

"उद्या तुम्ही तिला ऊठ म्हणालात तर?"

अप्पांनी आमच्या बाजूला बघितलं नाही. आमच्या वकिलांकडे बघितलं. वकील कागद चाळत होते.

"उठेल की," अप्पा म्हणाले.

मला फार राग आला. आणि तो काढायचा कुणावर? अप्पा हे सगळं तिच्यासाठीच बोलत होते. या साडीचा रंग जाईल का, असं गिऱ्हाइकाने विचारलं तर "जाईल" म्हणून सांगणारा हा माणूस. स्वतःसाठी तो एवढं खोटं जन्मात बोलला नसता. बहिणीची जागा वाचवायची म्हणून ती तिची नाही असं त्याने देवाच्या शपथेवर सांगितलं, आणि उत्तर बरोबर आलं म्हणून वकिलांनी हलकेच मान डोलावली.

येताना अक्काने मला चुरमुऱ्यांचं गिरमिट खायला घातलं, स्वतः नुसता चहा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी कट्ट्यावर जाऊन बसली आणि खण विकू लागली. अप्पांशी नेहमीसारखी बोलली, आईला मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. अप्पांचा जीव भांड्यात पडला. "तिला समजतंय सगळं," ते आईला म्हणाले. मी एकदा तिला एकटीला गाठून विचारलं, रागावलीस का. ती खणांच्या घड्या घालत म्हणाली, "निकाल लागू दे आधी."

निकाल लागला आणि आम्ही जिंकलो. कट्टा हा दुकानाचा अविभाज्य भाग आहे, घ्यायचं तर सगळं दुकान घ्या, असं कोर्टाने सांगितलं. सरकारने वकिलांच्या भाकितानुसार हात झटकले. अप्पांनी बाजारभर मिरची-भजी वाटली. ज्यांनी सह्या करून आम्हाला एकटं पाडलं होतं त्यांनी सगळ्यांत जास्त खाल्ली, आणि आपण पहिल्यापासून अप्पांच्याच बाजूने होतो असंही सांगितलं. लोखंडवाला तर दुसऱ्यांदा रांगेत उभा राहिला.

संध्याकाळी गर्दी पांगली तेव्हा मी दुकानातच होते. अक्काने कट्ट्यावरचे सगळे खण एका चादरीत बांधले. रोज ती ते आतल्या कपाटात ठेवायची. आज गाठोडं घेऊन पायरी उतरायला लागली.

"कुठं निघालीस?" अप्पांनी विचारलं.

तिने समोर हात केला. लोखंडवाल्याने सरकारला सोडून दिलेली जागा होती ती. आता तो रस्ता होता. कडेला एक लिंबूवाली आणि दोन हातगाड्या उभ्या असायच्या. "उद्यापासून तिथं बसणार. लिंबूवालीला सांगून ठेवलंय. आज गाठोडं तिच्या घरी ठेवते."

अप्पा गादीवरून उठून बाहेर आले आणि त्यांनी गाठोड्याचं एक टोक धरलं. "येडी झालीस काय? एवढी वर्षं कशासाठी भांडलो मी? हे तुझं हाय."

"तुझं हाय, अण्णा. कोर्टानं सांगितलंय की."

"अगं, ते कोर्टात तसं बोलावं लागतंय."

"हौदु, खरं हाय. कळतंय मला. म्हणून तर निकालापर्यंत बसले. मधीच उठले असते तर तुझी केस पडली असती."

भर बाजारात, सगळ्यांच्या देखत, खटला जिंकलेला माणूस गाठोड्याचं टोक धरून उभा होता आणि त्याचे डोळे भरले होते. मागे एक ऑटो आमच्या कट्ट्याला अडून हॉर्न वाजवत होता.

"ती सरकारची जागा हाय," शेवटी ते म्हणाले. "आज बसशील, उद्या येऊन उठवतील तुला."

"उठवू देत की," अक्का म्हणाली. "परक्यानं उठवलं तर परत जाऊन बसाय येतंय."

अप्पांनी गाठोडं सोडलं.