एका रविवारात अठ्ठावीस दिवस

महिनाभराचे व्हिडिओ एका दिवसात उरकायची कल्पना माझी नव्हे, माझ्या धाकट्या बहिणीची. ती नांदेडला कॉलेजात शिकवते आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीचा तक्ता करता येतो अशी तिची श्रद्धा आहे. मी लातूरला आईजवळ राहते आणि सकाळ-संध्याकाळ कॉलनीच्या सभागृहात बायकांचे योगासनांचे वर्ग घेते. मागे वर्गातल्याच एकीने माझा मानेच्या व्यायामाचा व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला, तो बऱ्यापैकी फिरला आणि रोज एक नवा टाकायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं.

रोज एक म्हणजे काय, ते करणाऱ्यालाच कळतं. दीड मिनिटासाठी साडी बदला, चटई झटका, स्टँडवर मोबाइल चढवा, तो पडला की परत चढवा. सगळं जुळून आलं की नेमका भंगारवाला गल्लीत शिरतो. पंधरवड्यातच मी वैतागले आणि बहिणीला फोन करून सांगितलं, की लोकांचं आरोग्य लोकांनी बघावं, माझं मी बघते.

ती म्हणाली, "ताई, आई वर्षाच्या कुरडया दोन दिवसांत घालते ना? रोज एकेक घालत बसली असती तर आपण उपाशीच मेलो असतो."

मी म्हटलं, ये मग. पुढच्या रविवारी ती पहिल्या गाडीने लातूरला आली ती रिंग लाइट आणि तक्ता घेऊनच.

तक्त्यात सगळं होतं. दिवस कितवा, व्यायाम कोणता, सुरुवातीचं वाक्य काय, साडी कुठली, टिकली केवढी. चार साड्या आलटून पालटून नेसायच्या, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं बाई रोज उठून आपल्यासाठी नटते. गंमत म्हणजे शूटिंग दिवसांच्या क्रमाने होत नाही. बसून करायचे सगळे व्यायाम आधी, मग उभ्याचे, मग झोपून करायचे. त्यामुळे तिसऱ्या दिवसानंतर लगेच अकरावा येतो आणि त्याच्यामागे विसावा. "बघा, वीस दिवस झाले आपल्याला! किती हलकं वाटतंय ना?" असं मी हसतमुखाने म्हणते, तेव्हा सुरुवात करून अर्धा तासही झालेला नसतो आणि हलकं वाटायचं सोडा, माझी कंबर बोलत असते.

पहिल्या खेपेला एक घोळ झाला. माझ्यामागच्या भिंतीवर घड्याळ होतं, ते बंद पडलेलं. आम्हा दोघींनाही त्याचं भान नाही. जळकोटच्या एका निवृत्त गुरुजींनी खाली लिहिलं, "ताई, तुमच्याकडची सकाळ रोज पावणेचारलाच होते काय?" त्यावर लोकांनी इतके हसरे चेहरे टाकले, की तो माझा सगळ्यात जास्त बघितला गेलेला व्हिडिओ ठरला. घड्याळ उतरवलं. पण गुरुजी अजूनही प्रत्येक व्हिडिओ तपासून बघतात, असा मला दाट संशय आहे.

आता आईबद्दल. आईचं वय बहात्तर. तिचे गुडघे गेली तीन-चार वर्षं कुरकुरत होते आणि मागच्या हिवाळ्यात त्यांनी बंडच केलं. खाली बसता येईना. बसलीच तर दोघांनी धरून उठवावं लागे. बाकी कशाचं तिला काही नव्हतं. जेवण टेबलावर, भाजी निवडणं खाटेवर, सगळं तिने बिनबोभाट बदलून घेतलं. दुःख एकाच गोष्टीचं होतं. आमच्याकडे आंघोळ झाली की पाटावर बसायचं, कपाळाला विभूती लावायची, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि शांतपणे पूजा करायची. लग्नाआधीपासून तिने हे एक दिवस चुकवलेलं नाही. आता ते प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून करावं लागत होतं.

"हापिसात बसल्यावानी वाटतंय," ती म्हणायची. "श्रावणात तरी मला पाटावर बसायचंय. बाकी काय मागणं न्हाई माझं."

डॉक्टरांनी सांगितलं होतं की मांडीचे स्नायू बळकट करा, रोज थोडा थोडा व्यायाम करा, बसता येईल. मी काय दुसरं शिकवते? पण आई माझं ऐकेल तर शपथ. मी चटई अंथरली की तिला देवळात जायचं असे, नाहीतर डोकं दुखत असे. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, तो प्रकार. शेवटी मी ओरडायची, ती गप्प बसायची आणि पाय होते तसेच राहायचे.

बहीण नांदेडहून फोनवर टोमणा मारायची, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान."

"तू येऊन करून घे ना मग," मी म्हणायची आणि फोन ठेवून द्यायची.

अशात गुडघ्यांच्या व्यायामाची मागणी वाढली. हदगावच्या एक बाई तर हात धुऊन मागे लागल्या, की कापूस वेचताना पाय भरून येतात, काहीतरी सांगा. बहिणीने लगेच तक्ता केला. गुडघ्यांसाठी अठ्ठावीस दिवस, रोज दीड मिनिट. मेमधल्या एका रविवारी शूटिंग, आषाढात रोज एक. प्रत्येक व्हिडिओत मध्येच एकदा थांबून मी विचारायचं, "दुखतंय का? मग आज दोनदाच करा. दोनदा केलं तरी पुष्कळ झालं."

"अठ्ठावीस वेळा तेच?" मी विचारलं.

"अठ्ठावीस वेळा तेच. गुडघेवाल्यांना कुणी विचारत नाही गं," बहीण म्हणाली. तिने हे कुठून काढलं कोण जाणे, पण मी मान्य केलं.

तो रविवार मी जन्मात विसरणार नाही. आमच्या नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. ते शनिवारी यायचं ते आलं नाही आणि रविवारी पहिली साडी नेसून होते न होते तोच आलं. सगळ्या गल्लीच्या मोटारी एकदम सुरू. आम्ही दोघी नटूनथटून ड्रम भरत बसलो. अकराला एकदाचं शूटिंग सुरू झालं. आवाज येतो म्हणून पंखा बंद, कूलर बंद. शेजारच्या घरात डॉक्टर व्हायला आलेली पोरं भाड्याने राहतात, ती गच्चीवर मोठमोठ्याने पाठांतर करत होती. त्यांना आंब्याची लाच देऊन खाली पाठवलं.

आईला सक्त ताकीद होती. कुकर लावायचा नाही, मिक्सर लावायचा नाही, दार वाजवायचं नाही, खोकला आला तर उशीत तोंड घालायचं. ती बिचारी आतल्या खोलीत खुर्चीवर बसून होती. आणि बाहेर मी, साखरेत घोळलेल्या आवाजात, "सावकाश. काही घाई नाही. आपल्या शरीराचं ऐका. दुखतंय का?"

आत भांडं पडलं.

"आई! किती वेळा सांगायचं? एक दिवस गप्प बसवत नाही का तुला?"

"पाणी घ्यायले होते," आतून आवाज आला.

"पाणी नंतर घे!" आणि लगेच, बहिणीने बोट वर केल्याबरोबर, "नमस्कार! आज आपला चौदावा दिवस. सावकाश बसा..."

बहीण माझ्याकडे विचित्र बघत होती. मला वाटलं टिकली सरकली. संध्याकाळी सहाला अठ्ठाविसावा दिवस संपला तेव्हा चारही साड्या पिळून काढण्यासारख्या झाल्या होत्या. आई बाहेर आली तीच भिंत धरून. दिवसभर एका जागी बसून तिचे गुडघे आणखी धरले होते. "बघितलंस? व्यायाम करत नाहीस म्हणून," मी म्हणाले. हे वाक्य आज लिहितानाही माझे कान गरम होतात.

आषाढ लागला, व्हिडिओ सुरू झाले. रोज सकाळी सहाला आपोआप जायचे. लोकांना आवडले. हदगावच्या बाईंनी लिहिलं की जिना चढता येतोय. औशाला माझी मावशी असते, आईची धाकटी बहीण. तिने चौथ्या-पाचव्या दिवशीच आईला फोन करून सांगितलं, "अक्का, मी तर रोज करायले. पोरगी लई छान सांगती गं. असंच ऱ्हायलं तर पाटावर बसन मी."

त्या दिवशी आईचं जेवणात लक्ष नव्हतं. दोघी बहिणींमध्ये बालपणापासून चढाओढ आहे, फुगडीपासून पुरणपोळीपर्यंत. मी संधी साधून म्हणाले, "मावशी करते, तुला काय होतं?" ती ताट घेऊन उठली. मी आशा सोडली.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी सभागृह कुणाच्या तरी साखरपुड्याला दिलेलं निघालं. माझा वर्ग रद्द झाला. मी पावणेसातलाच घरी परतले. दार लोटलेलं होतं. आतून माझाच आवाज येत होता.

मी चपला काढून हळूच डोकावले. आई खाटेच्या काठावर बसली होती. समोर स्टुलावर तिचा मोबाइल, तांब्याला टेकवलेला. मोबाइलमध्ये मी, हिरव्या साडीत. आईने एक पाय सरळ उचलून धरला होता आणि तोंडाने मोजत होती. मोबाइलमधली मी म्हणाले, "छान. अगदी छान जमतंय तुम्हाला."

"हाव," आई म्हणाली.

"दुखतंय का?"

"डावा दुखतोय बाई थोडा. आतल्या अंगाला. उजवा न्हाई आता."

"मग आज दोनदाच करा. दोनदा केलं तरी पुष्कळ झालं."

"करते की. तीनदा करते," आई म्हणाली आणि पाय पुन्हा उचलला.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला राग आला. मी सरळ आत गेले आणि नेहमीच्या पट्टीत सुरू झाले, "वर्षभर मी घसा फोडून सांगतेय तेव्हा ऐकलं नाहीस! आणि हे काय? ती कोण मग? मीच ना?"

आईने बोट लावून व्हिडिओ थांबवला. तिला तो थांबवता येतो हेही मला माहीत नव्हतं.

"तीबी तूच," ती म्हणाली. "पर ती रागवत न्हाई. रोज इचारती मला, दुखतंय का म्हणून. तू इचारलीस का कवा?"

मी आठवायला लागले. डॉक्टरांकडे नेलं होतं. गोळ्या आणल्या होत्या. तेल आणलं होतं, पट्टा आणला होता, कमोडची खुर्ची आणली होती. विचारलं मात्र नव्हतं. मला लाज वाटली. नुसती लाज नाही, मोबाइलमधल्या त्या हिरव्या साडीवालीचा हेवासुद्धा वाटला.

मी खाली तिच्या पायाशी बसले. "कुठं दुखतं, दाखव," मी म्हणाले. तिने दाखवलं. मग बराच वेळ सांगत राहिली, गुडघ्याचं, पोटरीचं, रात्री कूस बदलताना काय होतं त्याचं. मी काही सुचवलं नाही. मला वाटतं, त्या दिवशी मी पहिल्यांदाच तोंड मिटून तिचं ऐकलं. बहिणीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "त्या रविवारी तू आईवर अकरा वेळा ओरडलीस. मीच कापलं ते सगळं. सांगणार होते, पण तू माझ्यावरही ओरडली असतीस."

अठ्ठावीस दिवस संपले. आईने ते पहिल्यापासून पुन्हा सुरू केले. मी खोलीत असले तरी ती मोबाइलच लावायची आणि मी मुकाट्याने भाजी चिरायची.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी तिने आंघोळ केली, पाट मांडला आणि मला म्हणाली, "हात लावू नको." खाटेचा काठ धरून ती खाली गेली. पुरती दोन मिनिटं लागली. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. ती बसली, पाय जमेल तेवढा दुमडला, विभूती लावली, लिंग तळहातावर घेतलं. त्यानंतर तिला माझी आठवणही राहिली नसावी. मी रडले, पण आवाज होऊ दिला नाही.

पूजा झाली. उठायची वेळ आली. तिने खाटेवर हात टेकला, जोर लावला, अर्ध्यात अडली आणि पुन्हा खाली बसली. मी धावले. दोन्ही हात पुढे केले.

"धरू नको मला," ती म्हणाली. "मी उठते. तू नुसतं बोल."

दिवसभर न अडखळता अठ्ठावीस वेळा बोललेली बाई मी. पुढे केलेले हात मागे घेतले आणि पहिलं वाक्य शोधू लागले. आई खाटेवर हात ठेवून, माझ्याकडे बघत, वाट पाहत बसली होती.

"दुखतंय का, आई?" मी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली आणि उठली.