दगाभाऊ ‘चालेल’ म्हणाला

जानेवारीची अकरा तारीख. जळगावला घरी गहू निवडत बसले होते. शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला, धुळ्याला भाऊ गेला. निवडलेले गहू डब्यात भरले आणि एसटी स्टँड गाठलं.

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ, दगा आचारी. तीस वर्षं लग्नांतून त्याच्या हातचं वांग्याचं भरीत चाललं आणि त्याच्या शिव्याही. भाजलेलं वांगं हातानं सोलायचं, बोटं पोळली तरी. पाणी लागलं की धुराची चव गेली, हा त्याचा कायदा. असोद्याच्या एका लग्नात कुणीतरी घाईनं वांगी पाण्यात बुडवून सोलली. वऱ्हाड पानावर बसलेलं. “पानी कोन्ही टाकं रे? बठ्ठं फेकी द्या!” म्हणत भाऊनं आख्खं घमेलं उकिरड्यावर पालथं केलं. नवरीचा बाप हात जोडत होता. पंगत दीड तास थांबली. नंतर भरीत खाऊन त्याच बापानं त्याला फेटा बांधला.

अशाच एका लग्नात मुंबईच्या टीव्हीवाल्यांनी त्याला पाहिलं नि बोलावलं. सोबत मी गेले. साऱ्या गावाला सांगून झालं होतं... स्टुडिओत वांगी आधीच सोलून, धुऊन, पांढरीफेक करून ठेवलेली. पडद्यावर काळं वाईट दिसतं म्हणे. भाऊच्या हातात झारा होता. मी एक पाऊल मागं सरले. त्यानं वांगी पाहिली, वरचे दिवे पाहिले. “चालेल, साहेब,” म्हणाला. आणि हसला. त्याला तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

गावानं एका टीव्हीसमोर दाटीवाटीनं बसून ते पाहिलं. पुढच्याच लग्नात सुकलाल, पंधरा वर्षं भाऊच्या हाताखाली बोटं पोळून घेतलेला, नळाखाली वांगी सोलायला बसला. भाऊ ओरडला. सुकलालनं मानही वर केली नाही. “टीव्हीवर तं चालनं ना, भाऊ!”

सगळे हसले... भाऊनं झारा खाली ठेवला. त्यानंतर एकही काम घेतलं नाही. दोन वर्षं ओट्यावर बसून होता. पुन्हा चूल पेटव म्हटलं, तर म्हणायचा, “कोन्हाले बोलू आते?”

तेराव्याला त्याच्या आवडीचं म्हणून भरीत सांगितलं. सुकलालनंच केलं, वांगी नळाखाली धुऊन. मी समोरच उभी होते. लोकांनी मागून मागून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं भरीत मी शिळ्या भाकरीबरोबर खाल्लं. चांगलं लागलं.