हंडा रोमनांचा की जर्मनांचा?

माझी बायको जर्मन शिकवते. गेल्या वर्षी कोपरीतल्या वाचनालयाने तिचं व्याख्यान ठेवलं आणि तिने विषय निवडला 'केसेल'. केसेल म्हणजे आगीवर टांगायचा धातूचा हंडा. इंग्रजांची केटलही त्याच घराण्यातली. हा शब्द जुन्या जर्मानिक भाषांनी रोमनांकडून उचलला, असं बहुतेक विद्वान मानतात. पण लॅटिनमधल्या त्या शब्दाचा अर्थ लहानशी ताटली. बाईसाहेब तिथे अडल्या. ताटलीचा हंडा झालाच कसा? की शब्द मुळात जर्मनांचाच?

"झाला असेल! तुझं काय जातं?" मी वैतागून म्हणालो. माझी काळजी वेगळीच होती. तिचे सर पहिल्या रांगेत बसणार होते. जर्मनची गोडी तिला त्यांनीच लावली, आमचं लग्नही त्यांनीच जमवलं, आणि रोमन उगम ते आयुष्यभर छातीठोकपणे शिकवत आलेले. त्यात स्वभाव तापट. भर सभेत शिष्येने खोडून काढलं असतं तर संबंधच तुटले असते. "कशाला उगाच कळ काढतेस?"

तिने मांडणीवरून एक पातेलं काढलं. आहेरात आलेलं, शहाडच्या मावशींचं नाव कोरलेलं. "नावावरून देणारी कळते. पण मावशींनी हे विकत घेतलं की त्यांनाही कुणी दिलेलं, ते कुठे कळतं? शब्दाचंही तसंच रे. आपल्याला नक्की माहीत नाही, एवढंच मी सांगणार."

आणि सांगितलंच. दोन्ही बाजू मांडल्या, कुठे काय अडतं ते दाखवलं आणि सरांकडे बघत म्हणाली, "नक्की माहीत नाही." मला तिचा फार अभिमान वाटला आणि घामही फुटला.

सर काठी टेकत उभे राहिले.

"पुरावा माझ्याकडेही नव्हता," ते म्हणाले. "पण वर्गात 'माहीत नाही' म्हणायचं धाडस मला कधी झालं नाही. अगं, हे तुला मी तर शिकवलेलं नाही. कुठे शिकलीस?"

"तुमच्याच वर्गात, सर," ती म्हणाली. "प्रश्न विचारला म्हणून तुम्ही कधी कुणाला खाली बसवलं नाहीत."