वजन म्हणून बसले त्या गाडीत

दुपारी जेवून आडवी झाले की कधीकधी मला ती शिट्टी ऐकू येते. कुकरची नव्हे. बारीक, लांबून येणारी. ती वाढत जाते आणि मी अर्धवट झोपेत हुडकेश्वराच्या पुढे, उमरेड रोडवर असते. दोन्ही बाजूंना पळस फुललेला, सासूबाईंचा हात माझ्या मनगटावर, आणि गाडी जमिनीवर आहे की नाही ते कळत नाही. मग घरात कोणीतरी भांडं आपटतं आणि शिट्टी बंद होते. मला स्वप्नं फारशी पडत नाहीत. हे एकच पडतं, आणि तेही घडलेलंच आहे.

आमचं घर विणकरांचं. मी लग्न होऊन आले तेव्हा पुढच्या खोलीत माग होता आणि सासरे पाय खड्ड्यात सोडून त्यावर बसत. ते गेल्यावर मागावर कोणी बसलं नाही. आमच्या ह्यांनी एक जुनी चारचाकी घेतली, लहान इंजिनाची, आणि ती भाड्याने चालवू लागले. धाकटे दीर गॅरेजात मिस्त्री होते. लग्न केलं नव्हतं. मागाच्या खड्ड्यावर फळ्या टाकून त्यावरच ते झोपत, आणि फळ्यांखाली, जिथे सासऱ्यांचे पाय असत तिथे, त्यांचे नटबोल्ट, पाइप आणि तेलाचे डबे असत. घरात सुताचा वास जाऊन ऑइलचा वास आला. मला दोन्हींचं काही कौतुक नव्हतं.

ऐंशी साल उलटून गेल्यावरची गोष्ट. भाऊजींनी कबाड्याकडून एक लोखंडी वस्तू आणली, मोठ्या गोगलगाईसारखी दिसणारी. कुठल्यातरी परदेशी गाडीतून निघालेली. तिला ते टर्बो म्हणत. मी भाकरी थापत होते, तर ती चुलीसमोर ठेवून मला समजावत बसले.

"इंजिन धूर बाहेर फेकते ना वहिनी, त्या धुरात जोर असते. तो फुकट जाते. हे त्या धुरावर एक पंखा फिरवते, अन् त्याच्या जोडीचा दुसरा पंखा बाहेरची हवा इंजिनात कोंबते."

"म्हणजे फुंकणी," मी म्हटलं.

"फुंकणीच! चूल लहानच, पण आग भट्टीएवढी."

"पयल्या फुंकेले तर धूरच येते."

ते हसले. "ह्याचंही तसंच हाय. पाय दाबला की लगेच नाही उठत. जरा थांबा लागते. एकदा उठलं की मंग पाहा."

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. गाडीतलं मला जेवढं कळलं ते एवढंच, आणि पुढे जे झालं ते समजायला तेवढं पुरलं.

दोन आठवडे ते ती वस्तू आमच्या गाडीत बसवत होते. हवा आत जायच्या तोंडावर जाळी हवी होती, तर माझी नवी चहाची गाळणी नेली. आम्ही फडक्यातून चहा गाळून पीत होतो. आमचे हे रोज चिडत. गाडी बंद म्हणजे घर बंद. त्यांच्या ओळखीतल्या एकाने खापरखेड्याच्या वीजघरात जागा आहे म्हणून सांगितलं होतं.

"गाडी माही हाय," ते भावाला म्हणाले, "तुया खेळाची नाही. एक तर स्वतःचं काम उभं करून दाखव, नाही तर खापरखेड्याले जा."

भाऊजींना स्वतःचं गॅरेज हवं होतं. दुसरं काही नको होतं त्यांना, बायकोसुद्धा नाही.

गल्लीच्या तोंडाशी एक ठेकेदार राहत. लग्नाला, वरातीला गाड्या भाड्याने देत. त्यांची स्वतःची गाडी होती तिचं इंजिन आमच्या गाडीच्या दुप्पट, आणि पोट त्यांच्या पोटासारखं. पानठेल्यावर त्यांनी भाऊजींना चिडवलं. "काय गा मिस्त्री, आयकलं की बकरीले घोड्याची शेपटी लावून राहिला म्हणते तू?"

"घोड्याच्या पुढं गेली तर?"

"तर माह्या साऱ्या गाड्या तुयाकडं दुरुस्तीले. अंगणातलं शेडही तुयं. बोल."

"अन् हरला तर?" आमच्या ह्यांनी विचारलं. ते तिथेच उभे होते.

"हरलो तर खापरखेडा, दादा," भाऊजी म्हणाले. चार माणसांत म्हणाले. आमच्या घरात चार माणसांत बोललेलं फिरवत नाहीत.

शर्यत कशी लावायची हे ठरवायला ठेकेदार आमच्या ओट्यावर येऊन बसले. मी फडक्यातून चहा गाळत होते आणि ऐकत होते. ते म्हणाले, उमरेड रोडवर जकात नाक्यापासून पुढच्या पुलापर्यंत. दोन्ही गाड्या उभ्या, रुमाल पडला की निघायचं.

"पूल फार जवळ हाय," भाऊजी म्हणाले. "उभ्या गाडीले टर्बो उठालेच वेळ लागते. थोडं लांब ठेवा, नाही तर चालत्या गाड्यांवर लावा."

"परीक्षा म्हणजे परीक्षा. तुयं यंत्र झोपलं हाय म्हणून मी थांबू का बे? अन् अजून एक. माही गाडी वजनाले भारी. मी एवढं लोखंड ओढीन अन् तू रिकामा पळशील? दोन माणसं बसव मागं. बराबरीचं व्हाले पाहिजे."

ऐकायला न्यायाचं वाटलं. आमच्या ह्यांनी मानही डोलावली. पण मोठं इंजिन ही त्यांची मिजास, आणि त्या मोठ्या इंजिनाचं वजन मात्र आमच्या डोक्यावर, हा कुठला न्याय? मी चहा पुढे करत म्हटलं, "आमच्यात दोन माग सोबत बसवले तर दोघांले सारखं सूत देतेत. एकाले जाडं अन् एकाले बारीक देऊन कोण पुढं हाय ते नाही पाहत."

"वहिनी, इथं सूत नाही, पेट्रोल हाय," ते म्हणाले, आणि चहात फडक्याचा वास येतो अशी तक्रार केली.

भाऊजी कबूल झाले. त्यांना त्या शिट्टीवर फार भरवसा होता. मागे बसायला सासूबाई आणि मी. आम्ही दोघीही अंगाने भरलेल्या. नवऱ्याची गाडी असून मी त्या दिवसापर्यंत कधी त्यात बसले नव्हते. बसले ती वजन म्हणून.

शर्यत फाल्गुनातल्या एका सकाळी होती. घरात सासूबाईंची एक रीत होती. मागावर नवं कापड लागलं की पहिली पट्टी फाडून त्या जपून ठेवत, आणि घरात कुठलंही नवं यंत्र आलं की त्यातला तुकडा हळदीत बुडवून त्याला बांधत. शिवणयंत्राला, सायकलीला, विजेच्या मीटरला, सगळ्याला त्यांच्या चिंध्या होत्या. माग बंद झाला तरी त्यांच्या ट्रंकेत पट्ट्या होत्या. सकाळी भाऊजींनी बॉनेट उघडून ठेवलं, नारळ फोडला. सासूबाईंनी विचारलं, "ह्याचं तोंड कुठं हाय रे?"

"हे काय माय, ह्या जाळीतून श्वास घेते ते," भाऊजींनी माझी गाळणी दाखवली आणि तेलाचे हात धुवायला गेले. सासूबाईंनी चिंधी बांधली, नमस्कार केला, आणि बॉनेट बंद झालं.

नाक्यावर आमच्या ह्यांनी रुमाल धरला. बैलगाड्या बाजूला थांबल्या होत्या. रुमाल पडला. ठेकेदारांची गाडी घुर्र करून निघून गेली आणि आम्ही मागे राहिलो, जसं चूल पेटत नाही आणि बाई वाकून बसलेली असते तसं. धूळ आमच्या तोंडावर. सासूबाई म्हणाल्या, "का वं, हे चालून राहिलं का?"

आणि मग ती शिट्टी आली.

पाठ मागे दाबली गेली. समोरचा रस्ता पातळ झाला, पाण्यात पडल्यासारखा हलायला लागला. पळसाची झाडं एकेक न राहता एक लांब केशरी पदर झाली, दोन्ही बाजूंनी ओढला जाणारा. शेतात एक बाई विळा घेऊन उभी राहिली, ती अजून तशीच उभी आहे. मला वाऱ्याचा आवाज येत नव्हता, नुसती शिट्टी. वाटलं, आपण मागाच्या सूत नेणाऱ्या धोट्यात बसलो आहोत आणि कोणीतरी आपल्याला ह्या काठापासून त्या काठापर्यंत फेकलं आहे. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. घाबरून नव्हे. त्या हसत होत्या, तोंड उघडं टाकून, आणि मी त्यांना तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं. समोरची मोठी गाडी मोठी होत होती. तिच्या काचेतून ठेकेदारांचं डोकं वळलेलं दिसलं. भाऊजी पुढे वाकले होते, मानेवर घाम, आणि पुटपुटत होते, "चाल, चाल, चाल."

मग शिट्टी बसली. घसा बसावा तशी. गाडी जड झाली, मागून काळा धूर निघाला, पळसाची झाडं परत एकेक झाली. पूल आला तेव्हा ठेकेदार पुलावर उतरून उभे होते आणि पोटावर हात फिरवत होते.

भाऊजींनी बॉनेट उघडलं. मी उतरून त्यांच्या बाजूला गेले होते. गाळणीवर ती हळदीची चिंधी चिकटून बसली होती, आत ओढली जाऊन, ओल्या कपड्यासारखी सपाट. यंत्राने जेवढ्या जोराने श्वास घेतला, तेवढ्याच जोराने त्याचं तोंड बंद झालं होतं. भाऊजींनी ती बोटांनी सोलून काढली. मला दिसली. मागे गाडीत बसलेल्या सासूबाईंना दिसली नाही.

"काय झालं रे?" त्यांनी आतूनच विचारलं.

"काही नाही माय. गरम झाली." चिंधी खिशात गेली.

"पट्टा ढिला होता माहा," ते ठेकेदारांना म्हणाले. "हरलो."

"हरलाच," ठेकेदार म्हणाले. "लहान इंजिन ते लहान इंजिन."

मी म्हटलं, "पुन्हा लावा. आम्ही दोघी उतरतो."

"नाही वहिनी," भाऊजी म्हणाले, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी परत गाडीत जाऊन बसले.

परत येताना ठेकेदार आधी निघाले, मजेत, वेगाने, आम्हाला दाखवत. आम्ही मागून. कोणी रुमाल धरला नव्हता, कोणी कुठे उभं नव्हतं. गाड्या चालत्या होत्या. शिट्टी आली आणि ह्या वेळी बसली नाही. आम्ही त्यांच्या बाजूने गेलो, दोन बायांचं वजन घेऊन, आणि त्यांची मोठी गाडी मागे मागे जात लहान झाली, खेळण्याएवढी झाली, मग धुळीत नव्हतीच. भाऊजींनी एकदाही आरशात पाहिलं नाही. माझ्या झोपेत येतो तो हाच रस्ता. जाताना आणि येतानाचे पळस त्यात एक झाले आहेत.

नाक्यावर आमचे हे म्हणाले, "पुढं कशी आली?" ठेकेदार मागून येऊन उतरले. त्यांचं तोंड उतरलं होतं, पण म्हणाले, "परतीचं नसते मोजत." त्यांच्या बाजूने तेवढं खरं होतं. आधी ठरलं नव्हतं ते कसं मोजायचं?

संध्याकाळी मी भाऊजींना स्वयंपाकघरात गाठलं. "काहून नाही सांगितलं? चिंधी दाखवली असती तर पुन्हा लावा लागली असती शर्यत."

"माय जिंदगीभर त्या चिंधीले दोष देत राहिली असती, वहिनी."

मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. सासूबाई काही मेणाच्या नव्हत्या. मूल गेलं, नवरा गेला, माग गेला, त्यातून उठून त्या भांडी घासायला बसत. चार दिवस तोंड वाकडं केलं असतं आणि पाचव्या दिवशी दुसऱ्या यंत्राला चिंधी बांधली असती. त्यांना वाचवायला भाऊजींनी स्वतःचं गॅरेज सोडून दिलं, आणि त्यांना कळलंही नाही की आपण वाचलो. उलट त्या गल्लीत सांगत फिरल्या, "येताना पाहिलं ना माह्या कापडाचं काम? जाताना त्याले उमजलं नव्हतं." मी तोंडाला पदर लावून आत जात असे. सांगावंसं वाटायचं. सांगितलं नाही. चिंधी माझी नव्हती, गॅरेजही माझं नव्हतं.

टर्बो काढून खड्ड्यात फळ्यांखाली गेला. गाडी पुन्हा भाड्याने चालायला लागली, शिट्टीशिवाय, बिचकत. गाळणी मी राखेने घासली, तरी बरेच दिवस चहाला पेट्रोलचा वास होता. आमचे हे तोच चहा पीत.

भाऊजी वीजघरात लागले. सुट्टीला घरी आले की सांगत, तिथेही पंखाच फिरतो, वहिनी, वाफेवर, घराएवढा. त्याचा आवाज कसा आहे, मी विचारलं. ते म्हणाले, जाड आहे, शिट्टी नाही.

पण ते नंतरचं. पहिल्यांदा निघाले त्या सकाळी सासूबाईंनी ट्रंक उघडली आणि भाऊजींच्या जेवणाच्या डब्याला एक हळदीची चिंधी बांधली. भाऊजी वाकून उभे राहिले, बांधू दिली. वरच्या कडीला बांधली होती, झाकणाच्या बाहेर. मी तेवढं नीट पाहून घेतलं.