कस्तुरीअक्काचं कडेला बसणं

जानेवारीचं धुकं. बंगळुरातल्या चिकपेटेत दुकानांची शटरं वर जायची वेळ झाली तरी मागच्या गल्लीत समोरच्या घराची पायरी दिसत नव्हती. कस्तुरीअक्का मोरीत उकिडवी बसून साड्यांचे फॉल भिजवत होती. फॉल आधी भिजवायचा, वाळवायचा, इस्त्री करायचा आणि मगच साडीला लावायचा. नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि काठाला चुण्या पडतात. लाल-मरून फॉलांची बादली वेगळी, कारण ते रंग सोडतात. भावसार शिंप्यांच्या घरात हे पोरींना बाराखडीच्या आधी शिकवतात.

पिळायला म्हणून ती वाकली आणि तिला कळलं. परत.

"भाग्या," तिने सुनेला हाक मारली, "माझं परत सुरू झालं गं."

"अय्यो आत्ती! परत?" भाग्यलक्ष्मी दारातच थांबली. "मग ती बादली सोडा की. दुकानचा माल आहे, शिवू नका."

कस्तुरीअक्का उठली, कोपऱ्यातली चटई घेतली आणि मागच्या पडवीत जाऊन बसली. वेगळा पेला, वेगळं ताट. बासष्टाव्या वर्षी.

घरात रीतच होती तशी. चार पिढ्यांपूर्वी हे लोक शिलाईचं मशीन डोक्यावर घेऊन बंगळुरात आले. मराठीत कन्नड मिसळलं, भाकरीच्या जागी नाचणीच्या उकडीचे गोळे, मुद्दे आले, पण बाईने तीन दिवस कडेला बसायचं आणि चौथ्या दिवशी न्हायचं हे काही सुटलं नाही. कस्तुरीअक्काचं बसणं पन्नाशीच्या आसपास थांबलं होतं. गेल्या दसऱ्याला ते अचानक सुरू झालं, तेव्हा घरात कुणी घाबरलं नाही. घाबरायचं कशाला? रक्त आलं की चटई, न्हाणं झालं की संपलं. जणू चटई हेच औषध.

शेजारची फुलवाली यल्लव्वा तर पोट धरून हसली होती. "अक्का, वय उलटं फिरलं की तुझं! रात्रंदिवस ती प्रेमाची पुस्तकं वाचायलीस, दुसरं काय होणार? आता एक स्थळ बघू काय?"

"बघ की," कस्तुरीअक्का म्हणाली होती. "टक्कल नको, बाकी चालेल."

तेव्हा तीही हसली होती. थोडंसं खरंही वाटलं होतं तिला.

पुस्तकं वाचायची हे खरंच. दर शनिवारी मराठी मंडळाच्या वाचनालयातून दोन कादंबऱ्या. त्याही प्रेमाच्याच. नवरा गेल्यापासून तिने दुसरं काही वाचलं नव्हतं. नवरा चांगला होता, पण जन्मभर तो तिच्याशी बोलला ते काजं-बटणांविषयी. कादंबरीतला पुरुष विचारायचा, तुझे डोळे आज असे का दिसतात? हे विचारणारं माणूस कागदावरचं का असेना, आठवड्यातून दोनदा भेटायचं. कडेला बसली की शिवायला हात लावायचा नाही, स्वयंपाकघरात जायचं नाही. मग आणखीनच वाचायची.

या खेपेला मात्र चटईवर पुस्तक नव्हतं. त्याला कारण डॉक्टर भीमाचार्य.

संक्रांतीच्या आधी ती जिना चढताना बसली आणि उठेना, म्हणून मुलगा रघुपती तिला गल्लीच्या तोंडावरच्या त्या डॉक्टरकडे घेऊन गेला होता. डॉक्टरने खुर्ची तिला दिली आणि प्रश्न रघुपतीला विचारले.

"काय होतंय यांना?"

"अशक्तपणा, डॉक्टर. आणि छातीत धडधड."

"दिवसभर करतात काय?"

"फॉल लावते. आणि वाचते."

"पोथी?"

रघुपतीने खाली बघितलं. "नाही. कादंबऱ्या. प्रेमाच्या."

डॉक्टर खदखदून हसला. "या वयात? मग धडधडणारच की हो! लोहाचं टॉनिक देतो. आणि महिनाभर ती पुस्तकं बंद. हृदयाला विश्रांती पाहिजे."

कस्तुरीअक्काने तोंड उघडलं होतं. पण शेजारी पोटचा पोरगा बसलेला. त्याच्यासमोर परक्या पुरुषाला ते कसं सांगायचं? तिने तोंड मिटलं. रघुपती आज्ञाधारक, त्याच संध्याकाळी त्याने तिच्या उशाखालच्या दोन्ही कादंबऱ्या वाचनालयात परत दिल्या. एक अर्धीच झाली होती.

तर आता वाचायला काही नव्हतं, म्हणून ती चटईवर विचार करत बसली. आणि विचार करता करता तिचं डोकं तापत गेलं.

त्या मेल्याने माझी नाडीसुद्धा धरली नाही. कादंबरीतला डॉक्टर निदान मनगट तरी धरतो! पण ते कादंबरीवाले तरी कुठे शहाणे? शेकड्यांनी वाचल्या. नायिकेला ताप येतो, तोही कपाळावर. चक्कर येते, ती नायकाच्या हातांवर. विरहाने झुरते, खोकते, छातीवर हात ठेवून मरते. बाईला छातीच्या खाली शरीर असतं हे एकालाही माहीत नाही. आणि या डॉक्टरला तरी? त्यालाही छातीच दिसली. लिहिणाऱ्याला लाज, तपासणाऱ्याला लाज, आणि आम्ही कडेला!

दसऱ्यापासून हे किती वेळा झालं ते ती आठवू लागली. वयात असताना महिन्याला एकदा यायचं. आता पंधरवडा धड जात नव्हता. हे तरुणपण नव्हे, हे तिला त्या क्षणी स्वच्छ कळलं.

ती उठली. साडी बदलली, पायात चपला सरकवल्या.

"आत्ती, कुठे? तुम्ही बसलाय की!"

"उठले आता," कस्तुरीअक्का म्हणाली आणि धुक्यात शिरली.

बसवनगुडीत साड्या पोचवायला जाताना एका लेडी डॉक्टरची पाटी तिने पुष्कळदा पाहिली होती. बाकावर बायका होत्या आणि प्रत्येकीशेजारी एक नवरा. नर्सने विचारलं, "सोबत कोण आहे, अम्मा?"

"मीच आहे सोबत."

डॉक्टर श्यामला धारवाडकडची, मराठी समजणारी. तिने आधी दार लावलं. मग तपासलं. तपासताना तिचा चेहरा बदलत गेला.

"पाळी थांबल्यावर परत रक्त गेलं तर ती पाळी नसते, अक्का. आजार असतो. दसऱ्यापासून जातंय, आणि आता येताय? इतके दिवस केलंत काय?"

"बसले होते, डॉक्टरम्मा," कस्तुरीअक्का कडाडली. "आमच्यात बसतात! चटई देतात, ताट देतात, चौथ्या दिवशी पाणी देतात. डॉक्टर तेवढा देत नाहीत. दिला तर तो माझी पुस्तकं बंद करतो!"

श्यामलाने तिला पाणी दिलं आणि ती शांत होईपर्यंत थांबली. मग नीट सांगितलं. सोमवारी गुंगी देऊन गर्भपिशवीतला तुकडा काढायचा आणि तपासायला पाठवायचा. कॅन्सर असेल, नसेलही. असला तरी पिशवी काढून टाकता येते. मात्र आता एक दिवस घालवायचा नाही.

संध्याकाळी रघुपती दुकानातून आला तेव्हा आई चटईवर नव्हती. स्वयंपाकघरात स्टोव्हजवळ बसली होती आणि भाग्यलक्ष्मी भिंतीला टेकून नुसती बघत होती.

"आई, तू बसली होतीस ना? मग आत कशी?"

"रघू, मला रक्त जातंय. खालून. दसऱ्यापासून."

"आई, स्वल्प हळू. गल्ली ऐकेल."

"ऐकू दे गल्ली! त्या भीमाचार्याला काय सांगितलंस तू? अशक्तपणा!"

"तू बसतेस ते दिसायचं, पण दुखणं म्हणून मला भाग्याने तेवढंच सांगितलं."

"मी कसं सांगणार यांना ते?" भाग्यलक्ष्मी पुटपुटली.

"तुला नवऱ्याची लाज, याला डॉक्टरची लाज, मला पोराची लाज. रक्ताला मात्र कुणाची लाज नव्हती, ते येतच राहिलं." तिने सोमवारचं सगळं सांगितलं. कॅन्सर हा शब्दही मोठ्याने म्हणाली. रघुपती तिच्याशेजारी फरशीवर बसला.

"सोमवारी मी येतो," तो म्हणाला.

"ये. पण आत बोलणार मी. तू बाहेर बसायचं."

"बाहेर?"

"कडेला बसा की," भाग्यलक्ष्मी डोळे पुसत म्हणाली. "चटई देते घेऊन जायला."

रघुपतीला हसावं की रडावं कळेना. त्याने विचारलं, "आणखी काही लागेल का, आई?"

"शनिवारी माझं ते पुस्तक परत आण. अर्धं राहिलंय."

"सरी, आणतो," तो म्हणाला.

"आणि ती टॉनिकची बाटली माझ्या नजरेसमोरून हलव, नाहीतर फेकीन."

भाग्यलक्ष्मीने मंडईतून अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा आणल्या होत्या. हिवाळा होता, दाणे टपोरे होते. रात्रीच्या सांबाराला व्हायला हव्या होत्या. कस्तुरीअक्काने परात पुढे ओढली आणि सोलायला घेतल्या.