हरवलेले बारा मीटर

कोअरच्या गोदामात तेहतीस वर्षं काढलेल्या मावशींवर निवृत्तीला नऊ दिवस उरले असताना आळ आला. तेलविहिरींतून निघालेले दगडाचे लांब दांडे, म्हणजेच कोअर, खोक्यांत क्रमाने लावून ठेवायचे, हे त्यांचं काम. वाळवीने जुनी खोकी खाल्ली तेव्हा सात नंबरच्या विहिरीचा दगड त्यांनीच नव्या खोक्यांत भरला होता. आणि आता नवे भूशास्त्रज्ञ साहेब म्हणत होते, शेजारच्या विहिरीत दोन मातीखडकांच्या मध्ये बारा मीटर वाळूखडक आहे, इथे सातमध्ये कणभरही नाही.

"म्हणजे खोकी गहाळ. खोक्यांवरचे खोलीचे आकडे मागाहून जुळवलेत. लक्षात येतंय ना?" या शेपटाशिवाय साहेबांचं वाक्य संपत नसे.

"येतंय की. पटत नाहीये."

कबुलीचा कागद टाइप होऊन आला. घरी सून म्हणाली, "आई, करून टाका सही. पेन्शनला तर हात लावत नाहीयेत. सुटाल एकदाच्या."

मावशींनी हातातला घास ताटात ठेवला. "एक खडा इकडचा तिकडे होऊ दिला नाही गं मी. आणि जाताना बारा मीटर गिळले म्हणून लिहून देऊ?"

दुसऱ्या दिवशी कंबर धरून त्यांनी एकेक खोकं खाली उतरवलं. प्रत्येक तुकड्यावर लाल आणि काळी अशा दोन उभ्या रेघा. लाल उजवीकडे राहिली की दगड सुलटा. तुटलेल्या कडेला कड, रेघेला रेघ लावत त्या गुडघ्यांवर सरकत गेल्या. चाळिसाव्या खोक्यापाशी थांबल्या. दगड ओल्या फडक्याने पुसला.

"साहेब, इकडे या. बसा खाली. पँट झटकता येते."

हातभर लांबीचा अखंड दगड. वर करडा मातीखडक, खाली तपकिरी, आणि मधून तिरकी गेलेली, पांढऱ्या खनिजाने घट्ट सांधलेली शीर.

"वाळूच्या वरचा नि खालचा, दोन्ही मातीखडक या एकाच दगडात. मधली वाळू मी काढली कशी? फुंकर मारून?"

साहेबांनी त्या शिरेवरून नख फिरवलं. मग हळूच म्हणाले, "भ्रंश आहे. जमीन फाटून एक बाजू खाली घसरलीय. विहीर नेमकी त्या फटीतून गेली, म्हणून वाळू चुकली. ती बाजू खचत असतानाच वाळू साचत गेली असेल, तर तिथे थर आणखी जाड असेल. आणि तेल या मातीखडकाला अडून तिथेच साठलं..." ते उठले. "नकाशा बदलावा लागणार. तुमचा विषय मिटला."

"कागदावर आहे तो अजून."

साहेबांनी फाईल उघडली, 'खोकी गहाळ' ही ओळ खोडली, बाजूला सही केली. तारीख घालायची राहिली. मावशींनी तिथे बोट ठेवलं, आणि ती पडेपर्यंत उचललं नाही.